डहाळीचा ठसा

११ ऑक्टोबर

गाडी झ्वानोवोच्या चढावर बंद पडली ती पडलीच. मेकॅनिक म्हणतो क्लच गेला, सामान यायला आठवडा लागेल. म्हणजे थेसालोनिकीचं काम हातचं गेलं. संत्री पेट्यांत भरायचं काम, फार वाईट वाटून घेण्यासारखं नाही, पण तिथे समुद्र होता. असो. तोवर दोब्रिनमामाकडे.

दोब्रिनमामा आईचा थोरला भाऊ. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा करतो. या गावात एके काळी घरटी ऐरण होती म्हणतात. आता तीनच ठिकाणी भट्टी पेटते. एक मामाची, एक कुंपणापलीकडे स्तोयनाकाकूची, आणि एक फाट्यावर मिरोनची, त्याच्या काचबंद दुकानामागे. मामी गेल्यापासून मामा एकटाच असतो. मला दारात बघून म्हणाला, "जेवलीस?" मग जरा वेळाने, "या वेळी कुठून?"

"जर्मनीतून. त्याआधी स्पेनमध्ये होते."

"शिकलीस काय तिकडे?"

"फोर्कलिफ्ट चालवायला."

त्याने अंगणावर एक नजर फिरवली. "इथे नाही," म्हणाला, आणि माझ्यासाठी घेवड्याची आमटी गरम करायला गेला.

रोज लिहायचं ठरवलंय. बघू.

१४ ऑक्टोबर

मामा कोर्टात खटला हरलाय. आणि हे मला आज कळतंय, तेही कुंपणावरून, स्तोयनाकाकूकडून.

"सांगितलं नाही त्याने? तो कशाला सांगेल. जन्मभर ओठांत रिवेट धरून बसलेला माणूस. मीपण हरलेय, पण मी सगळ्या गावाला सांगत सुटलेय. तेवढंच पोट हलकं होतं."

प्रकरण लिहून काढते, म्हणजे मलाही नीट कळेल. झ्वानोवोच्या घंटेवर दोन पानांची डहाळी ठोकलेली असते. ती लाझार उस्तादाची. लाझार वारून जमाना झाला, पण इथली रीत अशी की शागिर्दाने स्वतःचा ठसा करायचा नाही, उस्तादाचाच मारायचा. कुणी स्वतःचा केला तर गाव समजतं, याला उस्तादाने हाकलला होता. मामा लाझारचा शागीर्द, काकूचा नवराही लाझारचा शागीर्द, म्हणून दोन्ही घरांत डहाळी. आणि ती मारायची सगळ्यात शेवटी, घंटा सुरात लावून झाल्यावर. त्या शेवटच्या घावाने सूर जागेवर बसतो. नंतर ठसा घासून काढला तर पत्रा उरतो, घंटा उरत नाही.

मिरोन हा लाझारचा नातू. काही वर्षांपूर्वी मठाच्या रस्त्यावरच्या टपऱ्यांत कुठूनतरी ओतीव घंटा यायला लागल्या, डब्यासारख्या वाजणाऱ्या, आणि त्यांच्यावरही हीच डहाळी. मिरोन भडकला, राजधानीला, सोफियाला गेला, आणि डहाळी आपल्या नावावर व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून आला. टपऱ्या बंद झाल्या. गावाने त्याला खांद्यावर घेतलं, मामाने स्वतः घरी गाळलेल्या राकियाची बाटली फोडली. मग मिरोनच्या सोफियातल्या वकिलांनी डहाळी मारणाऱ्या सगळ्यांवर दावे लावले. सगळ्यांवर म्हणजे सगळ्यांवर. मामा आणि काकूसकट. कोर्ट म्हणालं, चिन्ह नोंदलेलं आहे, यांच्याकडे परवानगी नाही, तेव्हा हे उल्लंघन. डहाळीच्या घंटा विकायच्या नाहीत, घरात आहेत त्या नष्ट करायच्या, ठसे मिरोनकडे जमा करायचे.

"नष्ट," काकू म्हणाली. "माझ्या घरातल्या अर्ध्या घंटा नवऱ्याच्या हातच्या आहेत. आधी मला नष्ट करा म्हणावं."

जेवताना मामाला विचारलं, अपील का नाही केलं. त्याने मला पाव कापून दिला.

"कुणाविरुद्ध?"

"मिरोनविरुद्ध."

"मिरोनचा धर्मपिता आहे मी. बाप्तिस्म्याला याच हातांत होता. पाण्यात बुडवला तरी रडला नाही. तेव्हाच कळायला हवं होतं." मी हसले. तो हसला नाही.

२६ ऑक्टोबर

संत दिमितारचा दिवस. मेंढपाळ डोंगरावरून खाली आलेत, सगळ्या गावाला ओल्या लोकरीचा वास. क्लच आला, पण मेकॅनिकच्या मुलीचं लग्न निघालंय. मलाही बोलावलंय. तिकडे नाचावं लागणार, माझ्याकडे धड बूट नाहीत. काकूचे येतात का बघायला हवं.

हे भलतंच लिहीत बसले. कोस्ताकी आला होता, ते लिहायचं होतं. करड्या मिशीचा, कमी बोलणारा मेंढपाळ. त्याच्या कळपासाठी मामा दोन हिवाळे घंटांचा एक पूर्ण सरंजाम करतोय. मोठी बादलीएवढी, सगळ्यात लहान मुठीएवढी, आणि सगळ्या एकमेकींशी जुळवलेल्या, म्हणजे कळप चालायला लागला की गाणं वाटावं. कोठारात दांडीवर टांगल्यात. पुढच्या संत गेओर्गीच्या दिवशी कळप वर जाईल तेव्हा त्या गळ्यांत बांधायच्या.

"ऐकलं खाली कोर्टाचं काहीतरी," कोस्ताकी म्हणाला.

"तुझ्या घंटा तुला मिळतील," मामा म्हणाला.

तो गेल्यावर मामाने मला कोठारात उभं केलं आणि एकेक घंटा वाजवून विचारायला लागला. "ही?" बरी आहे. "ही?" जरा खाली वाटते. "किती खाली?" आता किती म्हणजे काय सांगू, मी काय चर्चमध्ये गाते? तर म्हणाला, "शेजारच्या घंटेपाशी येईपर्यंत थांबव मला," आणि कडेवर हलके हलके हातोडी मारत गेला. मी थांब म्हटल्यावर थांबला. लहान घंटांच्या वेळी तर तो घंटेकडे बघतच नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता, तोंडी परीक्षेला मास्तर बघतात तसा. सगळं येत असताना लोकांना असं का छळायचं, कोण जाणे. पण सगळ्या बरोबर आल्या असाव्यात, कारण एकदाही चुकलीस म्हणाला नाही.

३ नोव्हेंबर

मामा फोन उचलत नाही. खिशात वाजत राहतो आणि हा आपला ढिम्म. वकीलबाईंचे फोन टाळतोय हे उघड आहे. काल तर रस्त्याच्या मधून चालला होता, मागे ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. शेवटी खाली उतरून त्याने खांद्याला हात लावला. मामा म्हणाला, "घाई कसली?" असला हट्टी माणूस.

लग्न झालं. बूट चावले. गाडी तयार आहे. पुढच्या सोमवारी निघते.

१२ नोव्हेंबर

निघाले नाही. भट्टी लावायची होती, मामा एकटा कसा करणार. घंटेला आतून-बाहेरून पितळेचे तुकडे लावायचे, शेण-मातीचा लेप द्यायचा, भट्टीत घालायचं, आणि ज्वाळेचा रंग बघत बसायचं. पितळ वितळून लोखंडावर चढलं की बाहेर. मला ते मातीचं अंडं फोडायला फार आवडतं.

कोर्टाच्या बेलीफची नोटीस आली, दोन्ही घरी. ठरावीक मुदतीत आपण होऊन निकाल पाळा, नाहीतर बेलीफ येऊन पाळायला लावेल.

काकूने नोटीस घेतलीच नाही. पोस्टमनला दारातूनच म्हणाली, "स्तोयना मेली, मी तिची बहीण." तो म्हणाला, "अहो, तुम्ही माझ्या आत्या लागता." "मग तर तुला माहीतच पाहिजे मेल्याचं." आणि लगोलग सगळ्या घंटा घरातून हलवल्या. भावाच्या शेळ्यांच्या गळ्यात काही, आणि बाकीच्या मुखवटेवाल्या पोरांच्या कमरेला, जानेवारीतल्या नाचासाठी. आता बेलीफने डोंगरभर शेळ्यांमागे पळावं.

मामाने नोटीस सही करून घेतली, दोनदा वाचली, घडी घातली. नंतर म्हणाला, या गावात बेलीफ एकाच घरी आला होता, तो लहान असताना. सगळा गाव कुंपणापाशी उभा होता. त्या घरातल्यांनी पुढे कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही, वर्षभरात गाव सोडून गेले. "बेलीफला कुणी बोलावलं होतं?" मी विचारलं. "सख्ख्या चुलतभावाने," मामा म्हणाला.

१८ नोव्हेंबर

शहरात वकीलबाईंकडे मीच गेले, मामा येईना. यानकोवाबाई काकूच्याही वकील आहेत. टेबलावर कागदांचे ढीग आणि त्यांच्यावर झोपलेलं मांजर. मला वाटलं त्या रागावतील, पण त्यांनी आधी कॉफी केली.

त्यांनी काकूच्या नावाने सोफियाला नोंदणी कार्यालयात अर्ज टाकलाय की हे चिन्ह नोंदायलाच नको होतं. जो ठसा सगळा धंदा पिढ्यान्‌पिढ्या मारतो, तो एकाचं चिन्ह कसा होईल?

"आणि अर्ज मंजूर झाला तर?"

"तर चिन्ह अवैध. अवैध म्हणजे आजपासून बंद असं नाही हं. पहिल्या दिवसापासून ते नव्हतंच असं धरायचं."

"मग उल्लंघन पण नव्हतंच."

"शहाणी आहेस. पण आता नीट ऐक." त्यांनी मांजर बाजूला केलं. "तुझ्या मामाचा निकाल अंतिम झालाय, अपील केलंच नाही त्यांनी. अंतिम निकाल जर चिन्ह अवैध ठरायच्या आधी अमलात येऊन गेला, तर मग तो मागे फिरत नाही. जे झालं ते झालं. म्हणून तोपर्यंत काहीच व्हायला नको. मी अंमलबजावणी थांबवायचा अर्ज करते. मुदत संपली तरी बेलीफला यायला वेळ लागतो, आला तरी हरकती घेता येतात. तुझ्या मामाला म्हणावं, हातावर हात ठेवून बसा. आयुष्यात एकदा आळशी व्हा."

गाडीत मी ते चार-पाच वेळा पाठ केलं. वाटेत एका वस्तीत बदकं विकायला होती, तिथे थांबले, पण विसरले नाही. घरी येऊन मामासमोर बसून शब्द न् शब्द सांगितलं. चिन्ह पडेपर्यंत काही करायचं नाही. केलं तर परत मिळणार नाही. बघ, कळलं का?

"कळलं," मामा म्हणाला. "नीट सांगितलंस."

२३ नोव्हेंबर, रविवार

आत्ताच लिहून ठेवते.

सकाळी चर्चहून आल्यावर मामाने चांगला कोट तसाच ठेवला. म्हणाला, गाडी काढ, मिरोनकडे जायचंय. मला वाटलं, देवाने बुद्धी दिली, बोलणी करणार. मग त्याने कोठारातल्या सगळ्या घंटा उतरवायला सुरुवात केली. मी विचारलं, दाखवायला नेतोस का? म्हणाला, जपून धर, एकमेकींवर आपटू देऊ नको.

मिरोनच्या दुकानात लाझार उस्तादाची जुनी ऐरण शोभेला ठेवलीय, पर्यटकांनी फोटो काढायला. मामाने घंटा तिच्या शेजारी मांडल्या. मिरोन मागून धावत आला, तोंडात घास होता.

"काका, हे काय? बेलीफला अजून वेळ आहे."

"म्हणून तर आज आलो."

"अहो, डहाळी तेवढी घासून टाका आणि घंटा घेऊन जा. मी वकिलांना सांगतो, चालतं तसं."

"घासल्यावर काय राहतं, तुला माहीत आहे."

मिरोनने तोंडातला घास गिळला. मग खाली बघत म्हणाला, "मी दाव्यात तुमचं नाव घालू नका म्हटलं होतं. ते म्हणाले, एकाला सोडलं की चिन्ह ढिलं पडतं. घालायचं तर सगळ्यांची नावं घालायला लागतात. मी सही केली."

"बरोबर असेल. शिकलेली माणसं ती."

मी मध्ये पडले. म्हटलं, मामा, वकीलबाई काय म्हणाल्या? सांगितलं ना मी? त्याने माझ्या गालाला हात लावला आणि बाजूला केलं, मेंढीला करतात तसं. भिंतीवरचा घण घेतला.

मोठीपासून सुरुवात केली. प्रत्येक घंटा आधी एकदा वाजवायचा, वाजत असताना तिची कड दातांना लावून डोळे मिटायचा. मला वाटलं मुका घेतोय. आवाज पूर्ण थांबेपर्यंत तसाच. मग ऐरणीवर आडवी ठेवून घण. मिरोनने एकदा त्याचं मनगट धरलं. मामा म्हणाला, "सोड. तुला मीच शिकवलंय, घाव घालणाऱ्याचा हात धरायचा नाही." त्याने सोडलं. दुकानात बाटलीबंद पाणी घ्यायला आलेलं एक जोडपं दाराशीच उभं राहिलं आणि तसंच परत गेलं.

शेवटची मुठीएवढी होती. ती त्याने बराच वेळ दातांना धरली. मला तिचा आवाज थांबलेला कधीच कळला होता, तरी धरूनच होता.

मग ठसा खिशातून काढून ऐरणीवर ठेवला. मिरोनच्या मुलीने कागद टाईप केला, घंटा नष्ट केल्या, ठसा मिळाला. दोघांनी सह्या केल्या. मिरोनची सही तीनदा चुकली.

मामाने कोटाची बटणं लावली. "बेलीफ माझ्या दारात आला असता, तर तू पाठवलेला असता. आता कुणी कुणाला पाठवलेलं नाही, मी माझ्या पायांनी आलो. नाताळाला जेवायला ये."

गाडीत मी रडून ओरडून घेतलं. म्हटलं, दोन हिवाळे, मामा. आणि चिन्ह कदाचित पडणार होतं. तो खिडकीतून बाहेर बघत होता. माझं एक अक्षर ऐकलं नसल्यासारखा.

२४ नोव्हेंबर

यानकोवाबाईंना फोन केला. त्यांनी आधी तारीख लिहून घेतली. मग म्हणाल्या, "स्वतः पाळला तरी पाळलाच. सह्या झाल्या ना?"

झाल्या.

६ जानेवारी

बरेच दिवस लिहिलं नाही. नाताळाला मिरोन खरंच आला होता. भरलेल्या कोबीची भांडी घेऊन, बायको-मुलीसकट. मी त्याच्या समोर बसले नाही, स्वयंपाकघरात जेवले. तो मामाशी लाकडाबद्दल बोलत होता, लाकडाबद्दल! मामा मान डोलवत होता.

मी ट्रिएस्टला जायचं म्हणतेय. तिथे एक ओळखीची मुलगी बोटींवर रंगकाम करते. बर्फ कमी झाला की निघते.

१७ जानेवारी

मुखवटेवाले नाचून गेले. काकूच्या सगळ्या घंटा त्यांच्या कमरांना. बेलीफचा माणूस याच आठवड्यात आला होता म्हणे, काकूने त्याला चीज भरलेला गरम बानित्सा खाऊ घातला आणि म्हणाली, घंटा? गावात फिरतायत, ऐकू येत नाहीत का? त्याने लिहून नेलं की आढळ नाही. पुन्हा येणार आहे.

नाच बघताना मामा अगदी पुढे जाऊन उभा राहिला, पोरांच्या कमरेपाशी, जवळजवळ अंगावर. घंटांचा एवढा गोंगाट की मी कानांत बोटं घातली. मामाने हात छातीवर ठेवला होता आणि त्याचा चेहरा इतका सुखाचा, मी कित्येक महिन्यांत तसा पाहिला नव्हता.

११ फेब्रुवारी

चिन्ह पडलं. काकूने चर्चची घंटा वाजवायला माणूस पाठवला, पाद्रीबाबांनी हाकलला.

तिच्यावरचा निकाल अजून बजावला गेला नव्हता. आता बजावायला काही उरलंच नाही. घंटा तिच्या, ठसा तिचा, बेलीफने आपल्या घरी बसावं. दिवसभर सगळ्यांना राकिया पाजत होती. आमच्या कुंपणाशी आली तेव्हा मात्र ग्लास मागे लपवला.

"दोब्रिन," म्हणाली, "थोडा नालायकपणा अंगात असावा रे माणसाच्या."

"तुझ्याकडे आहे, पुरतो गावाला," मामा म्हणाला.

ती हसली, मग तिचे डोळे भरले, मग मलाच ओरडली की आमटी करपतेय.

२० फेब्रुवारी

यानकोवाबाईंकडे, या वेळी मामाला घेऊन. मी विचारलं, म्हणजे जे कधी नव्हतंच, त्याच्यासाठी आमच्या घंटा फुटल्या?

"हो," त्या म्हणाल्या. "नाहीतर प्रत्येक जुना संपलेला निकाल कुणीही उकरून काढेल. कुठेतरी रेघ मारायला लागते. तुमचा निकाल रेघेच्या अलीकडे पडला, स्तोयनाचा पलीकडे." मग मामाकडे वळून मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "एकच दार उघडं आहे. मिरोनने नोंदवलं तेव्हा त्याला माहीत होतं की गावात बाकीचेही हाच ठसा मारतात, तरी त्याने तो एकट्याचा म्हणून घेतला. हे तुम्ही शपथेवर सांगितलंत तर त्याचा हेतू वाईट होता म्हणून भरपाई मागता येते."

"माहीत होतं," मामा म्हणाला. "ठसा कसा धरायचा, मीच शिकवलं त्याला."

बाईंनी पेन उचललं.

"हे तुम्हाला सांगितलं. कोर्टात नाही सांगणार."

"का?"

"हेतू वाईट होता असं नाही. विचारायचा राहिला तो. मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, एवढंच."

बाईंनी पेन ठेवलं. विचारलं, बरं, नुसतं माझ्या माहितीसाठी, तो सरंजाम पुन्हा करायला किती काळ जाईल? मामा म्हणाला, "माझ्याकडून होणार नाही." बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या कानाला बोट लावलं, प्रश्न विचारल्यासारखं. मामाने होकारार्थी मान हलवली. मी विचारलं काय, तर बाई म्हणाल्या, काही नाही, मांजर ओरडलं वाटतं. मांजर झोपलेलं होतं.

परत येताना मी त्याला सुनावलं. रुसून बसायचं वय आहे का हे? होणार नाही म्हणे. हात चांगले आहेत, भट्टी आहे, मी आहे बर्फ वितळेपर्यंत. "मला तोंड वळवून सांग," मामा म्हणाला, "गाडी चालवताना पुटपुटतेस." मी गाडी थांबवून, तोंड वळवून सगळं पुन्हा सांगितलं.

"तू आहेस?" त्याने विचारलं.

"बर्फ वितळेपर्यंत."

"बरं."

१४ मार्च

मिरोन फाटकाशी आला, हातात फडक्यात गुंडाळलेला ठसा. त्याच्या सोफियाच्या वकिलांनी वर अपील करू म्हटलं होतं, त्याने नको म्हणून कळवलं. ठसा पुढे केला. "काका, हा तुमचा."

"दिलेलं परत घेत नाही मी."

"आता माझा नाहीच तो. कधी नव्हताच म्हणतात."

"मग ठेव. नसलेली वस्तू जागा किती अडवणार."

मिरोनला हसावं की रडावं कळेना. मलाही. तो जाईना. कोठाराच्या दाराशी पत्रे कापलेले पडले होते ते बघितले, बाह्या सारल्या, आणि भात्यापाशी जाऊन बसला. कुणी बोलावलं नव्हतं. मामाने त्याच्याकडे सांडस फेकला.

मी अजून त्याच्याशी बोललेले नाही. मीठ मागितलं तेवढंच.

९ एप्रिल

बर्फ कधीच गेला. पण घंटा लागोपाठ उतरतायत, मध्येच सोडून कसं जाणार. मिरोन शनिवारी येतो. काकू कुंपणावरून म्हणते, "जिंकले मी, आणि राबायला माणूस याला. न्याय आहे का जगात?"

भांडण ठशावरून झालं, आज. सूर लावून झाला की शेवटचा घाव हवाच, मग तो कशाने मारायचा? मामाने भोथरी सळई माझ्या हातात दिली. "मार." मी म्हटलं, वेडा आहेस का, आयुष्यभर तू मारत आलास. तर म्हणाला, हात दुखतोय. सकाळी त्याच हाताने लाकडं फोडली होती. मी मारला. तिथे नुसता एक खोलगट ठिपका पडला, ना पान ना डहाळी. पण आवाज असा सरळ उभा राहिला की माझ्या दंडावर काटा आला. वर बघितलं तर मामा माझ्या दंडाकडे बघत होता.

काकू म्हणते, बिनडहाळीची घंटा बघून गाव म्हणेल तुला उस्तादाने हाकलली. म्हटलं, मला उस्ताद होता कधी?

६ मे

संत गेओर्गीचा दिवस. कोस्ताकी पहाटेच कळप घेऊन दारात. ठरलेल्या सरंजामातल्या मोजक्याच घंटा तयार आहेत, मोठ्या दोन आणि बाकी मधल्या, लहान. मला वाटलं आता चिडणार, दोन हिवाळे वाट बघितली त्याने.

मामा म्हणाला, "बाकीच्या येत्या दोन हिवाळ्यांत." मी मध्येच म्हटलं की मी काही इथे दोन हिवाळे नाही, गवत कापून झालं की ट्रिएस्टला जाणार. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

कोस्ताकीने प्रत्येक घंटा वाजवली. मिशी ओढत राहिला. ठिपक्यावरून अंगठा फिरवला. "डहाळी नाही."

"नाही."

"शेवटचा घाव कुणी मारला?"

"मी नाही," मामा म्हणाला.

कोस्ताकीने टोपी काढली. माझ्याकडे बघून काढली की ऊन होतं म्हणून, ते कळलं नाही. मग आम्ही तिघांनी घंटा बांधल्या. मोठ्या म्हाताऱ्या बोकडांना, लहान त्या चपळ मेंढ्यांना ज्या पुढे पळतात. कळप गल्लीतून निघाला, स्तोयनाकाकूने दारातून हिरव्या फांद्या टाकल्या, मिरोनची मुलगी पुलापर्यंत मागे पळत गेली. मग ते वळण, मग उतारावरची बीचची झाडं, आणि मेंढ्या दिसेनाशा झाल्या.

मामा फाटकाशीच उभा. म्हणाला, "येतोय आवाज?"

"येतोय की."

"लहानींचा?"

"लहानींचाच जास्त."

तो टोपी हातात घेऊन थांबला. जरा वेळाने, "अजून?" अजून. चुलीवर आमटी होती, मला आत जायचं होतं, पण त्याने बाही धरलेली. "आता?" मी म्हटलं, मामा, तुला काय ऐकू येत नाही का, मलाच का विचारतोस? तर पुन्हा "आता?" आता आवाज फार बारीक झाला होता, वाऱ्याबरोबर यायचा, जायचा. मी सांगत राहिले, आला, गेला, परत आला. आमटी करपल्याचा वास यायला लागला तरी तो बाही सोडेना.

शेवटी मी म्हटलं, "आता नाही."

"नक्की?"

मी अजून एकदा ऐकलं. "नक्की."

मग त्याने टोपी घातली आणि आत गेला.